पोलो जीटी मॉडिफाय करताना: आधी उंची, मग चाकं, लिप सगळ्यात शेवटी

गाडी मॉडिफाय करायची ठरली की पहिला फोन बहुतेक जण मॅगव्हीलवाल्याला, म्हणजे अलॉय चाकं विकणाऱ्याला लावतात. माझं ऐकाल तर आधी स्टेशनरीच्या दुकानातून तीस मिलिमीटर जाडीचा थर्मोकोल आणा आणि एक रुंद चिकटपट्टी. हे कशासाठी ते पुढे येईलच.

हा लेख मी फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय डोळ्यांसमोर ठेवून लिहितोय. ही आमच्या चाकणला बनलेली गाडी. २०१३ साली आली तेव्हा तिच्यात १.२ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, १०५ पीएस ताकद, १७५ न्यूटन मीटर टॉर्क आणि सात गिअरची डीएसजी, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स होती. खरी दोन सीटची स्पोर्ट्स कार आपल्यापैकी फार थोड्यांच्या आवाक्यात असते. पण पुणे, कोल्हापूर, नाशिक, पणजीकडे ज्यांना घाटात गाडी चालवायला मनापासून आवडतं, त्यांच्यातल्या कितीतरी जणांची सुरुवात याच गाडीवर झाली आहे. २०२२ मध्ये भारतात पोलोचं उत्पादन थांबलं, म्हणजे आता जी मिळेल ती जुनीच. तुमची गाडी दुसरी असेल तर आकडे बदलतील, क्रम बदलणार नाही.

क्रम असा: आधी गाडी मूळ स्थितीत ठणठणीत करा. मग ती जमिनीपासून किती उंच राहणार ते ठरवा. त्या उंचीवरून सस्पेन्शन, सस्पेन्शनवरून चाकं, मग अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) आणि सगळं झाल्यावर बंपर, लिप (पुढच्या बंपरखालची पट्टी), स्कर्ट (दारांखालची पट्टी). हा क्रम उलटा केला की एकच काम दोनदा करावं लागतं आणि पैसेही दोनदा जातात.

आधी दुरुस्ती

साठ-सत्तर हजार किलोमीटर पळालेल्या पोलोच्या पुढच्या बाजूला काही ना काही सैल झालेलं असतंच. शॉकअपचं वरचं माउंटिंग आणि त्यातलं बेअरिंग, लिंक रॉड, लोअर आर्मचे (चाक धरणाऱ्या खालच्या दांड्याचे) बुश, म्हणजे रबरी जोड, या तीन जागा नीट बघा. गाडी उभी असताना स्टिअरिंग पूर्ण डावीकडून उजवीकडे फिरवा. बोनेटखालून ‘टक्‌’ असा आवाज आला किंवा स्प्रिंग पिळून सुटल्यासारखं वाटलं, तर माउंटिंग गेलेलं आहे. छोट्या खड्ड्यांवरून हळू जाताना खडखड येत असेल तर बहुधा लिंक रॉड. ब्रेक दाबताना गाडी किंचित पुढे सरकून बसल्यासारखी वाटली तर लोअर आर्मचे बुश.

हे आधी का करायचं? नवं कडक सस्पेन्शन जुन्या बुशवर बसवलं की तो बुश महिन्याभरात पूर्ण फाटतो आणि मग आवाज नेमका नव्या किटचा की जुन्या भागाचा, हे मेकॅनिकलाही सांगता येत नाही. शिवाय कितीतरी वेळा एवढी दुरुस्ती आणि चार चांगले टायर झाले की गाडी इतकी नेटकी वळायला लागते की निम्मी यादी आपोआप गळून पडते. मी ज्यांना ज्यांना सल्ला दिला त्यांना इथे पंधरा दिवस थांबायला लावलं. त्या पंधरा दिवसांत गाडी खूप चालवा.

थर्मोकोलची परीक्षा

भारतातल्या पोलोचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे जमीन आणि गाडीचा तळ यांमधली मोकळी जागा, सुमारे १६५ मिलिमीटर. बाजारात मिळणाऱ्या लोअरिंग स्प्रिंग गाडी साधारण तीस ते चाळीस मिलिमीटर खाली बसवतात. कागदावर उरतात १२५ ते १३५. पण तो आकडा रिकाम्या गाडीचा. चार माणसं आणि डिकीत सामान घेऊन महाबळेश्वरला निघालात की गाडी आणखी दबते.

इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गतिरोधक दहा सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर लांब पसरट असायला हवा. तसा असेल तर खाली बसवलेली पोलोही आरामात जाते. आपल्या गल्लीतला गतिरोधक मात्र रात्रीतून ओतलेला, हातभर रुंद आणि उभ्या कडांचा असतो. तेव्हा पुस्तकातल्या आकड्यावर विसंबू नका.

आता तो थर्मोकोल काढा. इंजिनाखालच्या गार्डचा सर्वांत खालचा भाग शोधा आणि तिथे हाताएवढा तुकडा चिकटपट्टीने घट्ट लावा. सायलेन्सरच्या पाइपपासून लांब, नाहीतर वितळेल. दुसरा तुकडा पुढच्या बंपरच्या खालच्या ओठाला लावा. गाडीत तीन माणसं बसवा आणि रोजच्या रस्त्याने एक फेरी मारा: सोसायटीचं गेट, ऑफिसच्या पार्किंगचा उतार, पेट्रोल पंपाची चढण, गावाकडचा रस्ता. घरी येऊन थर्मोकोल बघा. कोरा असेल तर तीस मिलिमीटर तुम्हाला झेपेल. नुसता ओरखडा असेल तर वीस-पंचवीसवर थांबा. अर्धा तुकडा उडाला असेल तर गाडी खाली बसवूच नका. त्याच उंचीवर चांगले शॉकअप टाका. त्यात काही कमीपणा नाही. खडबडीत घाटरस्त्यावर चांगल्या शॉकअपची मूळ उंचीची गाडी, खाली बसवलेल्या भुक्कड गाडीपेक्षा नेहमीच वेगाने आणि सुखाने जाते.

अर्ध्या दिवसाचं काम आणि शे-दीडशे रुपयांचा खर्च. पण पुढच्या प्रत्येक खरेदीचा पाया हाच.

सस्पेन्शन

पोलोत पुढे मॅकफर्सन स्ट्रट आहे, म्हणजे स्प्रिंग शॉकअपवरच चढवलेली. मागे टॉर्शन बीम, तिथे स्प्रिंग वेगळी आणि शॉकअप वेगळा. त्यामुळे मागचं काम तासाभराचं, पुढचं काम कौशल्याचं.

तीन वाटा आहेत. पहिली, मूळ शॉकअप ठेवून फक्त लोअरिंग स्प्रिंग. स्वस्त आहे, पण मूळ शॉकअप त्या कडक आणि आखूड स्प्रिंगसाठी बनलेला नसतो. जुना असेल तर लवकरच तेल गळायला लागतं. गाडी नवीसारखी असेल आणि पंचवीस-तीस मिलिमीटरच उतरवायची असेल, तरच हा मार्ग. दुसरी वाट म्हणजे एकमेकांसाठी बनलेले स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र घेणं. नवख्या माणसाला मी हीच सांगतो. एकदा बसवलं की पाच वर्षं डोक्याला ताप नाही. तिसरी वाट कॉइलओव्हर. त्यात आट्यांवरची रिंग फिरवून उंची कमीजास्त करता येते. पण ती रिंग फिरवण्याचा मोह आवरत नाही, आणि प्रत्येक वेळी उंची बदलली की अलाइनमेंट पुन्हा करावी लागते. कोकणात किंवा गोव्यात राहत असाल तर खाऱ्या हवेने आणि पावसाळ्यातल्या चिखलाने ते आटे गंजून अडकतात. दर पावसाळ्यानंतर ते ब्रशने घासून वंगण लावायची तयारी असेल तरच कॉइलओव्हर घ्या.

चौथी वाटही कुणीतरी सुचवेल: आहे तीच स्प्रिंग ग्राइंडरने कापायची. हे करू नका, कुणाला करूही देऊ नका. कापलेली स्प्रिंग बैठकीत नीट बसत नाही. मागचं चाक खड्ड्यात पूर्ण लटकलं की ती जागेवरून सुटू शकते. त्या क्षणी तुम्ही वळणावर असाल तर पुढचं सांगायला नको.

काम चालू असताना शेजारी उभे राहा आणि तीन गोष्टी बघा. एक, पुढची स्प्रिंग काढताना चांगल्या स्थितीतला स्प्रिंग कॉम्प्रेसर वापरतात का. दाबलेल्या स्प्रिंगमध्ये माणूस जायबंदी करण्याइतकी ताकद असते. दोन, फोक्सवॅगनच्या सस्पेन्शनमधले बरेच बोल्ट एकदाच वापरायचे असतात. घट्ट करताना ते किंचित ताणले जातात. ते नवे आणून ठेवा, रक्कम किरकोळ असते. तीन, आणि हे फार गॅरेजांत होत नाही: बुशमधून जाणारे बोल्ट गाडी जॅकवर लटकलेली असताना शेवटचे घट्ट करायचे नसतात. बुशचं रबर ज्या स्थितीत आवळलं, ती त्याची विश्रांतीची जागा. लटकत्या स्थितीत आवळलं तर गाडी खाली टेकताच ते रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि वर्षभरात चिरतं. बोल्ट हाताने लावून गाडी चाकांवर उभी करायची, पुढून-मागून दोनदा दाबून सोडायची आणि मग टॉर्क पान्याने (ठरलेला जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने) घट्ट करायचे. मेकॅनिकला आधी चहा पाजा आणि मग हे शांतपणे सांगा. चांगला कारागीर ऐकतो.

कामाच्या आधी आणि नंतर उंची मोजा. चाकाच्या मधल्या टोपीच्या केंद्रापासून वर मडगार्डच्या कडेपर्यंत, चारही बाजूंना. जमिनीपासून मोजलं तर टायरची हवा आणि आकार हिशेब बिघडवतात. केंद्रापासून मोजलं तर फक्त सस्पेन्शन दिसतं. डाव्या-उजव्यात पाच मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर स्प्रिंग बैठकीत नीट बसलेली नाही. बिल देण्याआधी हे तपासा, आणि आठ-दहा दिवसांनी स्प्रिंग बसल्यावर पुन्हा एकदा.

चाकं आणि टायर

पोलोचं चाक पाच बोल्टचं, बोल्टच्या वर्तुळाचा व्यास १०० मिलिमीटर. दुकानात ‘पाच बाय शंभर’ म्हणतात. मधलं भोक ५७.१ मिलिमीटरचं. बाजारातल्या बहुतेक मॅगव्हीलचं भोक मुद्दाम मोठं, बऱ्याचदा ७३.१, ठेवलेलं असतं, म्हणजे एकच चाक दहा गाड्यांना चालतं. मधली पोकळी भरायला हब रिंग लागते: बाहेरून ७३.१, आतून ५७.१. ती नसेल तर चाक नेमकं मध्यावर बसत नाही आणि ऐंशी-नव्वदच्या वेगाला स्टिअरिंग थरथरतं. बॅलन्सिंग कितीही वेळा करा, जात नाही.

आता बोल्ट. इथे मी जरा थांबणार आहे, कारण मी इथेच फसलो होतो.

पोलोचे मूळ बोल्ट १४ मिलिमीटर जाडीचे, दीड मिलिमीटर आट्यांचे आणि डोक्याखाली गोल. हातात घेऊन बघा, आटे संपतात तिथे अर्ध्या लिंबासारखा फुगवटा दिसेल. मूळ चाकातली भोकंही तशाच वाटीच्या आकाराची असतात. बाहेरच्या बहुतेक चाकांना मात्र निमुळत्या, शंकूसारख्या तोंडाचे बोल्ट लागतात. माझी नवी चाकं एका दुकानात बसवली तेव्हा मुलाने गाडीचेच जुने बोल्ट लावले. एअर गनने ‘टर्रर्र’ करून घट्टही झाले. खंबाटकी घाट उतरताना मागून हलकी घरघर सुरू झाली. खाली थांबून पाना लावला तर मागच्या डाव्या चाकाचे तीन बोल्ट हाताच्या जोराने फिरत होते. गोल डोकं शंकूच्या भोकात बसतं तेव्हा पूर्ण पृष्ठभाग टेकत नाही, फक्त केसाएवढी एक कडा टेकते. ती कडा झिजली की बोल्ट सैल. त्या चाकाच्या पाचही भोकांत चकचकीत, पातळ वर्तुळ उमटलं होतं. तसं वर्तुळ तुमच्या चाकात दिसलं तर त्याच दिवशी बोल्ट बदला.

म्हणून चाकाबरोबरच योग्य तोंडाचे बोल्ट विकत घ्या. आधी पाचही हाताने आत घालून बघा. निदान सात-आठ आटे सहज धरायला हवेत. मग ताऱ्याच्या क्रमाने, म्हणजे एक सोडून एक, टॉर्क पान्याने १२० न्यूटन मीटरला घट्ट करा. पन्नास ते शंभर किलोमीटरनंतर पुन्हा तपासा. एअर गनवर शेवटचा भरवसा कधीच ठेवू नका.

ऑफसेट हा शब्द नवख्यांना घाबरवतो, पण हिशेब सोपा आहे: चाक गाडीला जिथे टेकतं तो पृष्ठभाग चाकाच्या रुंदीच्या मध्यापासून किती मिलिमीटर बाहेरच्या बाजूला आहे, तो आकडा. मूळ चाक सहा इंच रुंद आणि ऑफसेट ४० आहे असं धरू. तुमचा खरा आकडा चाकाच्या मागे कोरलेला असतो. नवं चाक सात इंची, ऑफसेट ३५. रुंदी एक इंचाने वाढली म्हणजे दोन्ही बाजूंना १२.७ मिलिमीटर. ऑफसेट पाचने कमी म्हणजे सगळं चाक पाच मिलिमीटर बाहेर. बाहेरची कड १७.७ मिलिमीटर बाहेर आली, आतली कड शॉकअपच्या दिशेने ७.७ मिलिमीटर सरकली. खाली बसवलेल्या गाडीत ही बाहेरची कड मडगार्डला घासेल का, हा खरा प्रश्न. म्हणूनच सस्पेन्शन आधी म्हटलं.

तपासायची घरगुती पद्धत अशी. मुलांच्या खेळण्यातली क्ले घ्या, मडगार्डच्या आतल्या कडेवर बोटभर जाडीची लावा, मागे दोन माणसं बसवून एखादा मोठा गतिरोधक ओलांडा. क्ले चेपली असेल तर किती उरली ते मोजा. स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून टायर आणि शॉकअपमध्ये करंगळी जाते का तेही बघा. विकत घेण्याआधी दुकानदाराला एकच चाक पुढे आणि मग मागे लावून दाखवायला सांगा. जो नाही म्हणेल त्याच्याकडून घेऊ नका.

टायरच्या आकारात मी थोडा जुन्या वळणाचा आहे. मूळ १८५/६० आर १५ टायरचा व्यास ६०३ मिलिमीटर आणि बाजूची भिंत १११ मिलिमीटर. २०५/५० आर १६ घेतला तर व्यास ६११, भिंत १०२. स्पीडोमीटर फार बिघडत नाही आणि गाडी चार मिलिमीटर उंचही होते. २१५/४० आर १७ चा व्यास जवळपास मूळ इतकाच, ६०४, पण भिंत उरते ८६ मिलिमीटर. फोटोत सतरा इंची फार छान दिसतं हे खरं. पण पावसाळ्यात पाण्याने भरलेला खड्डा दिसत नाही, आणि ८६ मिलिमीटरच्या भिंतीमागे अॅल्युमिनियमची कड असते. सोळा इंच हे माझं उत्तर. शिवाय मोठं चाक बहुधा जडही असतं, ते उचलणं आणि थांबवणं इंजिन-ब्रेकला जड जातं, आणि रुंद आऱ्यांमधून पोलोचे मागचे ड्रम ब्रेक उघडे पडतात ते वेगळंच.

टायरवरचा भारांक आणि वेगाचं अक्षर मूळ टायरपेक्षा कमी नको. भारांक ८४ म्हणजे एका टायरवर ५०० किलो, ८७ म्हणजे ५४५. चाकाच्या मागेही कमाल भार कोरलेला असतो. तो आकडा आणि आयएसआय चिन्ह नसलेलं चाक कितीही देखणं असलं तरी परत ठेवा. जुनी, वाकून सरळ केलेली किंवा वेल्डिंग केलेली चाकं तर नकोच.

अलाइनमेंट

सस्पेन्शन आणि चाकं बसल्यावर दोनेकशे किलोमीटर चालवून स्प्रिंग बसू द्या, मग अलाइनमेंट करा. गाडी खाली बसली की पुढच्या चाकांचा टो, म्हणजे वरून बघताना ती किती आत-बाहेर वळलेली आहेत ते, बदलतो. तो तसाच ठेवला तर नवे टायर आतल्या बाजूने पाच-सहा हजार किलोमीटरमध्ये गुळगुळीत होतात, आणि बाहेरून बघताना कळतही नाही. मागे बीम असल्याने पाना लावून जुळवण्यासारखं काही नाही. पण मागचा आकडाही छापून मागा: तो डाव्या-उजव्यात खूप वेगळा असेल तर बीम कधीतरी वाकलेला आहे, म्हणजे गाडीचा इतिहास कळला. हेडलाइटची उंचीही याच वेळी भिंतीवर झोत पाडून नीट करून घ्या.

बंपर, लिप, स्कर्ट

आता सजावट. फायबरचे भाग स्वस्त असतात, पण एका ठोकरीत तडकतात आणि कडा जुळवायला पुटी भरावी लागते. एबीएस प्लास्टिकचे भाग चांगले जुळतात. पुढच्या लिपसाठी मात्र लवचिक पीयू (पॉलियुरेथेन) घ्या, कारण तो घासणारच आहे. घासून वाकला आणि परत आला पाहिजे. रंगवताना पीयूच्या रंगात लवचिकता देणारं द्रव्य घालायला पेंटरला सांगा, नाहीतर पहिल्याच वाकण्याला पापुद्रे निघतात.

रंगाआधी भाग गाडीवर कोरडा लावून बघा. फटी करंगळीच्या नखापेक्षा मोठ्या असतील तर रंगवण्याआधीच परत द्या, रंगवलेला कुणी परत घेत नाही. चिकटवायच्या दुहेरी टेपखालची जागा अल्कोहोलने पुसा, हेअर ड्रायरने कोमट करा, टेप दाबा आणि पुढे एक दिवस गाडी धुऊ नका. लिपला नुसती टेप पुरत नाही, खालून चार-पाच स्टेनलेस स्क्रूही हवेत. महामार्गावर सुटलेला लिप मागच्या दुचाकीवाल्याच्या अंगावर जातो. आणि लावण्याआधी थर्मोकोलची परीक्षा लिपच्या उंचीने पुन्हा एकदा करा.

कागद

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवर नोंदलेला आणि उत्पादकाने ठरवलेला तपशील बदलेल असा फेरफार करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे स्पष्टपणे पुन्हा सांगितलं आहे. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मालकाला प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्हीची तरतूद आली. म्हणून पूर्ण रंग बदलायचा तर आधी आरटीओची परवानगी, मग काम. पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के प्रकाश आरपार जायलाच हवा. काळ्या फिल्मवरून रोज गाड्या अडवल्या जातात. कर्कश सायलेन्सर लावू नका. पहाटे चारला गल्लीतून जाताना तो आजारी माणसाला, तान्ह्या बाळाला उठवतो. मडगार्डबाहेर आलेली चाकंही नकोत. उत्पादकाने त्याच गाडीच्या वरच्या मॉडेलला दिलेल्या आकाराच्या जितकं जवळ राहाल तितकं निवांत.

विमा कंपनीला चाकं आणि सस्पेन्शनची माहिती लेखी द्या, बिलं जोडा आणि पॉलिसीत नोंद करून घ्या. हप्ता थोडा वाढेल. न सांगता लावलेल्या भागांवरून दाव्याच्या वेळी वाद होतो आणि तेव्हा आपली बाजू लंगडी असते.

काढलेल्या मूळ स्प्रिंग, शॉकअप, चाकं भंगारात देऊ नका. स्प्रिंगवर पुढची-मागची, डावी-उजवी अशी कागदी पट्टी लावा, गोल डोक्याचे वीसही बोल्ट एका डब्यात भरून त्यावर ‘फक्त मूळ चाकांसाठी’ असं लिहा आणि माळ्यावर ठेवा. स्टेपनी मूळचीच असेल तर मात्र त्यातले पाच बोल्ट डिकीत, स्टेपनीच्या खळग्यात, कापडात गुंडाळून. रात्री घाटात पंक्चर झालं तर मूळ चाकाला नवे निमुळते बोल्ट चालणार नाहीत.